शांताचे खडे

रविवारची वंदना आटोपली आणि चहाचे कप हातात आले की आमच्या कार्डिफच्या हॉलमध्ये कुणीतरी म्हणतंच, "बापू, नदीचं सांगा." मी हळू बोलतो. माझी एक गोष्ट होईपर्यंत रामटेके दोन सांगून मोकळा होतो, आणि त्यातली एक माझीच असते. असं करत करत या गोष्टींचा गाळ साचला. शेवटी माझी नात मैत्री म्हणाली, "आजोबा, तुम्ही लिहा. रामटेके काका प्रत्येक वेळी वेगळं सांगतात."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नागपूर सोडलं आणि सगळी उमर इथल्या ब्रेडच्या फॅक्टरीत गेली. त्यामुळे जसं आठवेल तसं लिहितो.

आमची टोळी लहान. मी, माझी बायको शांता, बस चालवणारा रामटेके, आणि डॉक्टर मेश्राम. शांता आता नाही. पण या गोष्टींत ती आहे, आणि तिची एक बाटलीही आहे. होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली. नदीत मिळालेलं सोनं तिच्यात जायचं. कुणाला मिळालं हे विचारायचं नाही, बाटली एकच. शांतानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "यातून मैत्रीच्या लग्नात एक मणी होईल. एकच. पण आपल्या नदीचा."

*

नदी आम्हाला सापडली ती ऑपरेशन थिएटरमध्ये.

डॉक्टर मेश्राम हॉस्पिटलात भूल देतात. एकदा वरच्या डोंगरातला एक म्हातारा शेतकरी खुब्याच्या ऑपरेशनला आला. घाबरला होता. डॉक्टर सुई लावता लावता त्याला म्हणाले, "एखादी आवडती जागा डोळ्यांपुढे आणा."

म्हातारा म्हणाला, "माझ्या शेतातली नदी."

"छान. कशी आहे नदी?"

"लहान आहे. पण तिच्यात सोनं..." एवढं म्हणाला आणि झोपला.

डॉक्टर सांगतात, सगळ्या नोकरीत एखादा पेशंट कधी जागा होतो याची एवढी वाट त्यांनी पाहिली नव्हती. शुद्धीवर आला की पेशंटला आधी त्याचं नाव विचारायचं असतं. डॉक्टरांनी विचारलं. तो म्हणाला, "ग्विलिम."

दुसरा प्रश्न डॉक्टरांचा स्वतःचा होता. "कुठली नदी?"

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा ग्विलिमच्या फाटकाशी गाडी लावली आणि उतारावरून खाली चालत निघालो. नदीचं नाव वेल्श आहे. ते म्हणताना जिभेचं जे व्हावं लागतं ते आमच्या जिभेचं होत नाही, म्हणून आम्ही 'आपली नदी' म्हणतो.

रामटेके सगळ्यांच्या पुढे. मध्येच थांबून कमरेवर हात ठेवून म्हणाला, "डॉक्टर, मले नदी तं दाखवा."

"तिच्यावरच उभा आहेस तू."

खरंच होतं. एक पाय या दगडावर, एक त्या दगडावर, आणि मधून पाणी चाललेलं.

"हिले नदी म्हनतेत? माही बस आडवी लावली तं अडून जाईन."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "रामटेके, तू नागपूरचा आहेस. ज्याच्या गावातल्या नाग नदीचा नाला झालाय त्यानं दुसऱ्याच्या नदीला नावं ठेवू नयेत."

रामटेके जेवण होईपर्यंत गप्प होता. आम्ही निवांत जेवलो.

*

नदीला हसलेलं ग्विलिमला मात्र आवडत नाही. तो म्हणतो, "हिनंच सगळ्यांना बोलावलं."

डोंगराच्या पोटात सोनं होतं, पण कुणाला पत्ता नव्हता. ही एवढीशी नदी ते कणाकणानं खरवडून खाली आणत होती. किती पिढ्या आणत होती कोण जाणे. मग ग्विलिमच्या पणजोबाच्या वेळी एका मेंढपाळाला पाणी पिताना वाळूत चमक दिसली, आणि माणसांचा लोंढा आला. कोळशाच्या खाणीतले आले, जहाजावरचे आले. चर्चमधला एक उपदेशकही आला म्हणतात, म्हणे लोकांना लोभापासून सोडवायला, पण येताना वाळूतून सोनं धुवायचा पॅन घेऊन आला. दोन्ही काठांना तंबू. पाणी एवढं गढूळ झालं की मेंढ्या प्यायला तयार होईनात.

नंतर मोठ्या लोकांनी डोंगरात खाणी खणल्या आणि नाव डोंगराचं झालं. ग्विलिम म्हणतो, "पण पत्ता नदीनं दिला."

त्याचा पणजोबाही सोन्यासाठीच आलेला. त्याला काही मिळालं नाही. पण आजूबाजूला एवढी भुकेली माणसं बघून त्यानं पॅन चुलीवर ठेवला, त्यात बटाटे भाजले आणि विकायला लागला. लोंढा ओसरला तेव्हा बाकीचे रिकाम्या हातानं गेले आणि यानं हे शेत घेतलं. तो पॅन ग्विलिमच्या स्वयंपाकघरात अजून टांगलेला आहे.

रामटेके म्हणाला, "म्हणजे खरं सोनं बटाट्यात होतं."

ग्विलिम म्हणाला, "होतं. पण बटाट्यासाठी कोण धावत येतं?"

*

आता शांताची गोष्ट.

त्याच पहिल्या दिवशी ग्विलिम मेंढ्या घेऊन बाजाराला गेला होता. जाताना त्यानं सगळं बजावलं होतं. कुदळ नाही, मशीन नाही, मासे अंडी घालतात त्या दिवसांत पाण्यात पाय नाही. बाकी खुशाल धुवा. डॉक्टरांनी आम्हा दोघांना हातानं करून दाखवलं. "पाण्यात वाळू अशी हलवायची काकू, जड आणि हलकं वेगळं होतं."

"म्हणजे रोळायचं," शांता म्हणाली. "कळलं."

डॉक्टर आणि रामटेके वरच्या वळणाकडे गेले. शांतानं पॅनला हातही लावला नाही. तिनं भाकरीच्या सामानातून आपली परात काढली आणि एका मोठ्या दगडावर बसली. त्या दगडाखाली एक भेग होती. तिच्यातली वाळू मी आणून देत होतो, ती रोळत होती.

आमच्याकडे पूर्वी तांदळात खडे फार असायचे. परातीत पाणी घालून तांदूळ हलक्या हातानं हिंदकळायचे. तांदूळ वर येतात, पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचे. जड खडे तळाला राहतात, ते फेकून द्यायचे. याला रोळणं म्हणतात. शांताचा हात त्यात असा बसलेला की बघत राहावं. सारखी तीच लय. वरची वाळू बादलीत, तळाचं मूठभर खांद्यावरून मागे झुडपांत. मी काही विचारलं नाही. फॅक्टरीतही पीठ आणून देणारा मी असायचो, मळणारा दुसरा.

संध्याकाळी ग्विलिम आला. शांतानं अभिमानानं दोन बादल्या त्याच्यापुढे ठेवल्या. इतकी स्वच्छ वाळू त्या नदीनं कधी पाहिली नसेल.

ग्विलिमनं बादलीत हात घातला. मग भेगेकडे पाहिलं. ती रिकामी झाली होती.

"तळाशी जे राहिलं," त्यानं हळूच विचारलं, "त्याचं काय केलं?"

शांता शाळेच्या किचनमध्ये काम करायची, तिला इंग्रजी पुरेसं येत होतं. पण त्या वेळी तिनं मराठीतच सांगितलं. "खडे होते. टाकले."

डॉक्टरांनी त्याला समजावून दिलं. ग्विलिमनं डोक्यावरची टोपी काढली आणि कुंपणाच्या दगडी भिंतीवर जाऊन बसला.

*

डॉक्टर मेश्राम मात्र बसले नाहीत. "काकू, कुठे टाकलंत?" म्हणून शांताच्या दगडामागे हात घालून शोधायला लागले. ती झुडपं म्हणजे नेटल. पान लागलं की अंगाची आग होते. एका मिनिटात डॉक्टर दोन्ही हात हवेत धरून बाहेर आले. कोपरापर्यंत लाल झाले होते.

रामटेके म्हणाला, "डॉक्टर, तुमचं ते इंजेक्शन आनलं नाही का?"

शांतानं डॉक्टरांच्या हातांवर ताकाचा डबा रिकामा केला. म्हणाली, "राहू द्या हो. सोनंच आहे ना, कुठे जातंय? पुढच्या वेळी नीट करू."

पुढच्या वेळेपासून तिनं नीट केलं. पण ग्विलिमनं तो मराठी शब्द धरून ठेवला. आम्ही फाटकाशी दिसलो की तो लांबूनच विचारायचा, "एनी खडे?" आमच्यात तेव्हापासून सोन्याला सोनं कुणी म्हणत नाही.

*

रामटेकेला पहिला खडा मिळाला तो दिवस आम्ही विसरणार नाही. तिळाच्या सालपटाएवढा. बाटली त्या दिवशी शांता घरीच विसरली होती. कागदात बांधू म्हटलं तर कागद भिजलेले. शेवटी रामटेकेनं तो कण बोटाच्या ओल्या टोकावर चिकटवला आणि बोट वर करून गाडीत बसला.

बोलला तर श्वासानं उडेल म्हणून बोलायचं नाही. डोंगर उतरलो, गप्प. अर्ध्या रस्त्यात हायवेवरच्या चहा-पेट्रोलच्या सर्व्हिसेसला थांबलो, तिथेही गप्प. त्याचा चहा डॉक्टरांनी त्याच्या तोंडाला लावला. शेजारच्या टेबलावरची बाई हळहळून म्हणाली, "पुअर मॅन." तिला वाटलं बोटाचं काही ऑपरेशन झालंय.

शांता मागच्या सीटवरून म्हणाली, "हा माणूस इतका शांत बसू शकतो हे माहीत असतं तर मी स्वतःची सोन्याची बांगडी मोडून त्याच्या बोटाला लावली असती."

कार्डिफ आलं. शेवटच्या राउंडअबाउटवर रामटेकेला शिंक आली.

डॉक्टरांनी ती गाडी अजून विकलेली नाही.

*

एकदा स्टॅनमोरहून डॉक्टरांचा भाचा आला. लंडनला मोठ्या बँकेत आहे. छातीपर्यंतचे रबरी कपडे, गळ्यात कॅमेरा, हातात जमिनीतला धातू ओळखणारं यंत्र. ग्विलिमनं यंत्र फाटकाशीच ठेवायला लावलं. भाचा दिवसभर पाण्यात उभा राहिला. चांगला पोरगा, कष्टाला मागे नव्हता. संध्याकाळी शांताशेजारी बसून म्हणाला, "काकू, एवढ्या वर्षांत टोटल यील्ड किती?"

शांतानं बोटांवर हिशेब केला. "एक बाटली, ती पण भरली नाही. डॉक्टरांचं ब्लड प्रेशर उतरलं. रामटेकेची सिगरेट सुटली. बापू माझ्याशी बोलायला लागले. आणि ग्विलिमला पिठलं आवडायला लागलं."

तो हसला. पण पुढच्या उन्हाळ्यात यंत्र न आणता आला आणि आईला घेऊन आला.

*

शांता शेवटचे काही दिवस हॉस्पिटलात होती. बाटली उशाशी. दुपारी खिडकीतून ऊन आलं की ती बाटली उन्हात धरायची आणि हलवायची. वेल्श नर्स विचारायची, "आज काय दिसतंय?" शांता म्हणायची, "मैत्री."

तेव्हा मैत्रीचं लग्न ठरलंही नव्हतं. ती शाळेत शिकवते, जन्म इथलाच. तिचं मराठी मोडकं आहे. "आजी आला" म्हणते. शांता कधी सुधारायची नाही. मला म्हणायची, "बोलतेय ना? झालं तर मग."

पण एक गोष्ट तिनं हट्टानं शिकवली होती. इथल्या सुपरमार्केटच्या तांदळात औषधालाही खडा नसतो, तरी दर रविवारी मैत्रीला परात देऊन तांदूळ रोळायला बसवायची. मी म्हणायचो, कशाला उगीच? ती म्हणायची, "हाताला माहीत असू दे."

त्या दिवशी बाटली माझ्या हातात देऊन म्हणाली, "मणी झाला पाहिजे. दुसरं सोनं मिसळायचं नाही."

मी हो म्हणालो. मी एवढंच बोललो.

*

या उन्हाळ्यात मैत्रीचं लग्न ठरलं. मुलगा अनिकेत, मँचेस्टरचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. लग्न आमच्याच हॉलमध्ये, पांढऱ्या साडीत. मैत्री म्हणाली, "दागिने नको. पांढरा दोरा, आणि त्यात आजीचा मणी."

मी बाटली घेऊन सोनाराकडे गेलो. म्हातारा, भला माणूस. त्यानं तराजूत धरलं, भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. म्हणाला, सोनं उत्तम आहे, पण मणी होणार नाही. थोडं कमी पडतंय. त्यानं करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं, एवढंसं. "माझ्याकडचं घालतो. कुणाला कळणार?"

मी घरी येऊन मैत्रीला सांगितलं. ती म्हणाली, "नाही आजोबा. तुम्ही आजीला प्रॉमिस केला."

म्हणून लग्नाच्या आधीच्या शनिवारी आम्ही सगळे नदीवर गेलो. मी, रामटेके, डॉक्टर, मैत्री आणि अनिकेत. सोनारानं दोन दिवसांची मुदत दिली होती. पुन्हा येणं होणार नव्हतं.

आठवडाभर डोंगरात पाऊस झाला होता. रामटेके जिच्यावर दोन पाय टाकून उभा राहिला होता ती नदी काठ खात चालली होती. तपकिरी पाणी, आवाज केवढा. ग्विलिमनं फाटकाशीच हात आडवा केला. "आज पाण्यात कुणी उतरायचं नाही."

आम्ही भिंतीपाशी उभे राहिलो. रामटेके पाण्याकडे बघून म्हणाला, "घ्या. आता म्हनलं मी, नदी हाय." कुणी हसलं नाही, तोही नाही. मी खिशात बाटली धरून होतो.

ग्विलिमनं आमच्यासाठी एक तयारी करून ठेवली होती. शांताचा दगड पाण्यापासून वर, सुरक्षित होता. नवरीचा तिथे फोटो निघावा म्हणून त्यानं मागची नेटलची झुडपं पार मुळापासून काढली होती. इतक्या वर्षांत त्यानं त्यांना कधी हात लावला नव्हता, फुलपाखरं येतात म्हणून. दगडामागे आता काळीभोर माती उघडी पडली होती.

"बस," तो मैत्रीला म्हणाला. "आजीसारखी."

मैत्री बसली. परात आम्ही भाकऱ्यांसाठी आणली होती, शांताचीच. ती तिनं मांडीवर घेतली. अनिकेतनं फोन धरला. मैत्रीनं लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीतली आजी करून दाखवली. मनगट हलवलं, बादलीत ओतल्यासारखं केलं, आणि रिकामी मूठ खांद्यावरून मागे उघडली.

फोटो निघाला. मैत्रीची मूठ मात्र तशीच मागे राहिली. ती मान वळवून आपली उघडी बोटं कुठे दाखवताहेत ते बघत होती.

"मैत्री, डन," अनिकेत म्हणाला. "उठ ना."

ती उठली आणि दगडामागे गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी माती ओढून परातीत भरायला लागली.

"अगं, काय करतेस?"

ती माती ओढतच राहिली. ग्विलिमनं काठीनं काठाशी बादली बुडवून तिच्यापुढे पाणी आणून ठेवलं. मग दुसरी बादली. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या, पण पुढे आले नाहीत. रामटेकेनं तोंडावर हात ठेवला होता.

मैत्री रोळत होती. तीच लय. गढूळ पाणी गेलं, मग माती गेली, मग वाळू. परात तिरपी होत गेली, तिच्यात कमी कमी होत गेलं. तळाशी चिमूटभर काळं उरलं आणि तिनं परात उन्हाकडे फिरवली.

ग्विलिमनं टोपी काढली आणि भिंतीवर जाऊन बसला.

"मैत्री," त्यानं तिथूनच विचारलं. त्याचा आवाज नदीत अर्धा बुडाला. "तळाशी काय आहे?"

तिनं परात दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे आणली.

"आजोबा," ती म्हणाली, "खडे."